टीम लावण्याचे व्यसन आणि राज्याची जबाबदारी

घरोघरी जाऊन आरोग्याचा फॉर्म भरताना व्यसनाचे प्रश्न येतात. तंबाखू खाता का, बिडी ओढता का, दारू घेता का. घनसावंगी तालुक्यातल्या वस्त्यांत हे प्रश्न विचारले की आया-बाया आता मध्येच थांबवतात. "ताई, पोरगं दारूला शिवत नाही. पण मोबाईलवर टीम लावतं." फॉर्मवर 'टीम लावणे' असा रकानाच नाही. आम्ही 'व्यसन नाही' अशी खूण करतो आणि पुढच्या घराची कडी वाजवतो.

या खुणेबद्दल आम्हाला वाचकांशी बोलायचे आहे, कारण ती खोटी आहे आणि ती आमच्याच हातून झाली आहे.

टीम लावणे म्हणजे काय, हे घरातल्या तरुणांना सांगावे लागत नाही. पण हे पान आजीही वाचते, म्हणून थोडक्यात सांगतो. क्रिकेटचा सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांच्या बावीस खेळाडूंतून आपले अकरा निवडायचे. त्यात एक कर्णधार, त्याला दुप्पट गुण. एक उपकर्णधार, त्याला दीडपट. प्रवेश फी भरायची, कधी ४९ रुपये, कधी त्याहून कमी, कधी बरीच जास्त. मैदानावर खेळाडू जसे खेळतील तसे गुण मिळतात, आणि लाखो टीमांमध्ये ज्याचा नंबर वर त्याला बक्षीस. कंपनी आपला वाटा आधीच काढून ठेवते. सामना कोणीही जिंको, ती हरत नाही.

४९ रुपये ऐकायला काहीच नाहीत. पण आयपीएलच्या एका मोसमात ७४ सामने असतात. रोज दोन टीम लावणाऱ्या पोराचे ७ हजार २५२ रुपये गेले. रोजगार हमीच्या २०२५-२६ मधल्या ३१२ रुपये रोजाने ही तेवीस दिवसांची मजुरी झाली. आणि दोनच टीमांवर थांबणारा मुलगा आम्ही अजून पाहिलेला नाही.

एक रात्र आम्ही विसरत नाही. एका सरकारी दवाखान्यात आमची रात्रपाळी होती. पंचविशीच्या आतला मुलगा आणला, विष घेतलेला. पोट धुतले, सलाईन लावले, पहाटे तो शुद्धीत आला. बाप बाहेर पायरीवर बसलेला. केसपेपरवर कारण लिहायचे होते. बाप म्हणाला, "घरात भांडण झालं." आम्ही लिहिले, 'घरगुती वाद'. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने सांगितले की बहिणीच्या लग्नासाठी बचत गटातून उचललेले पैसे पोराच्या खात्यावर ठेवले होते आणि ते दोन महिन्यांत टीमांमध्ये गेले. गेलेले परत आणायला त्याने मोबाईलवरूनच कर्ज काढले. कर्जवाल्यांनी नातेवाइकांना फोन लावायला सुरुवात केली, तेव्हा त्याने बाटली उघडली. केसपेपर मात्र आम्ही बदलला नाही. 'घरगुती वाद' तसाच राहिला. सरकारदरबारी त्या मुलाच्या आजाराचे नाव तेच आहे.

तो मुलगा वाचला, आज काम करतो. पण अशा किती कागदांवर आम्ही आणि आमच्यासारख्यांनी 'घरगुती वाद' लिहिले असेल? मग शासन म्हणते, आमच्याकडे आकडा नाही. आकडा कुठून येणार? आम्हीच तो लिहिला नाही.

दुसरे उदाहरण ऊसतोडीचे. आपल्या भागातून दिवाळीच्या आसपास कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल. एका तरुण जोडप्याची उचल घर सोडण्याआधीच मोबाईलमध्ये गेली. मुकादमाला हिशोब हवा, म्हणून पुढच्या मोसमाचीही बोली झाली. ती बाई चार महिन्यांची गरोदर होती, हिमोग्लोबिन सातवर. आम्ही तिला जड उचलू नको म्हणून सांगितले. ती हसली. "सिस्टर, मोळी मी नाही उचलली तर फेड कोण करंल?" टीम नवऱ्याने लावली आणि रक्त बायकोच्या अंगातले कमी झाले. या विषयावर आरोग्याच्या पानात का लिहिता, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर एवढेच.

आता कायद्याकडे येऊ. झाडाखाली दहा-दहा रुपये लावून पत्ते खेळणारी चार माणसे पोलीस पकडतात. दुसऱ्या दिवशी पेपरात येते, 'जुगार अड्ड्यावर छापा, मुद्देमाल जप्त'. मुद्देमालात पत्त्यांचा कॅट आणि दोन जुने मोबाईल. यासाठी लावला जातो तो कायदा १८८७ सालचा, इंग्रजांच्या काळातला. नावे वाचा, बहुतेक वेळा वस्तीतलीच असतात. त्याच काळात ड्रीम इलेव्हनचे नाव भारतीय संघाच्या जर्सीवर छातीवर होते, २०२३ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत. पत्ते खेळला तर हातात बेडी आणि टीम लावली तर तुम्ही क्रीडाप्रेमी, असा हा न्याय.

हा फरक आला कुठून? त्या १८८७ च्या कायद्यातच एक सूट आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला जुगाराचा कायदा लागू नाही. पुढे १९५७ साली जुन्या मुंबई राज्यातल्या शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला, तिथेही कौशल्य आणि नशीब ही विभागणी पक्की झाली. १९६८ साली रमीत कौशल्य आहे असे ठरले. आणि ३० एप्रिल २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनच्या प्रकरणात सांगितले की टीम निवडायला अभ्यास लागतो, निकाल एखाद्या संघाच्या हार-जितीवर अवलंबून नाही, म्हणून हा जुगार नव्हे. ड्रीम इलेव्हनची कंपनी मुंबईची, निकाल मुंबईचा. तेव्हापासून महाराष्ट्रात दरवाजा सताड उघडा.

आम्ही कौशल्य नाकारत नाही. आपल्या वस्तीतल्या पोरांना कोणत्या खेळपट्टीवर कोणता फिरकीवाला चालतो हे तोंडपाठ असते. त्यातला एक तरी दहावीच्या गणिताला इतका बसला असता तर, असे मनात येते, पण ते असो. मुद्दा असा की एकच माणूस एका स्पर्धेत अनेक टीम टाकू शकतो. ज्याच्याकडे पैसा आणि आकडेमोडीची साधने आहेत तो ढिगाने टीम टाकतो. त्याच्यासमोर रांजणीचा किंवा कुंभार पिंपळगावचा पोरगा उसन्या ४९ रुपयांची एक टीम घेऊन उभा राहतो. कौशल्य दोघांकडे असेल, पण हरणे परवडते एकालाच. न्यायालय विचारते, यात बुद्धी लागते का? आम्ही विचारतो, यात घराचे पीठ जाते का? दारू गाळायलाही कौशल्य लागते, म्हणून तिला कोणी सोडलेले नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी लागले. त्याला निलंबित केले गेले. आमच्याकडच्या पोरांनी बातमीतला 'निलंबित' हा शब्द वाचलाच नाही, 'दीड कोटी' तेवढा वाचला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमदार बच्चू कडू यांनी ऑनलाइन खेळाच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईतल्या घरासमोर आंदोलन केले होते. दोन दिवस चर्चा झाली आणि विरली. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमी दिसत असल्याची चित्रफीत फिरली. आपण खेळत नव्हतो, ती जाहिरात होती, असे त्यांनी सांगितले. महिनाअखेरीस कृषी खाते जाऊन त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. क्रीडा खाते! यावर आम्ही जास्त लिहीत नाही.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत मंजूर, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. या खेळांत सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटींहून जास्त गमावतात, हा अंदाज सरकारचाच. कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. खेळणारा गुन्हेगार नाही हे या कायद्याने मान्य केले, ते आम्हाला पटले.

विहारात हे सांगितले तेव्हा काही जण म्हणाले, चला, विषय मिटला. आमचे म्हणणे आहे की मिटलेला नाही, आणि इथे बाबासाहेबांची एक गोष्ट सांगायलाच हवी.

सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत राज्यसूचीतल्या पैज आणि जुगाराच्या नोंदीवर चर्चा झाली. शिब्बनलाल सक्सेना, लक्ष्मीनारायण साहू अशा सदस्यांना ही नोंदच नको होती. जुगाराचे नाव आपल्या संविधानात कशाला, अशी त्यांची भावना. भावना चांगलीच होती. बाबासाहेबांनी त्यांना समजावले की नोंद काढल्याने जुगार संपणार नाही, उलट त्याच्यावर ताबाच राहणार नाही. नोंद असली तर राज्य परवानगी देऊ शकते किंवा बंदीही घालू शकते, नसली तर राज्य सरकारचे हात बांधले जातील. ती नोंद राहिली. आज ती राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे.

बाबासाहेबांनी राज्याच्या हातात ठेवलेले हे साधन महाराष्ट्राने या खेळांसाठी वापरलेच नाही. १८८७ च्या कायद्यातली कौशल्याची सूट जशीच्या तशी आहे. केंद्राच्या कायद्याला कंपन्यांनी आव्हान दिले, याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा एक मुद्दा हाच की जुगार राज्यांचा विषय आहे, संसदेला हा अधिकार कुठला? उद्या न्यायालयाने तो मुद्दा मान्य केला तर केंद्राचा कायदा जाईल आणि महाराष्ट्र दुसऱ्या दिवशी सकाळी २०१९ च्या निकालावर येऊन उभा राहील. जर्सीवर नाव परत, टीव्हीवर जाहिरात परत, ४९ रुपये परत. दिल्लीच्या छत्रीखाली उभे राहून आपले छप्पर न शाकारणारा माणूस शहाणा म्हणायचा का?

शेजारी काय झाले ते पाहा. आपल्या तालुक्याच्या कडेने वाहणारी गोदावरी नांदेडवरून तेलंगणात जाते. तेलंगणाने २०१७ मध्येच आपल्या कायद्यातली कौशल्याची सूट काढली, आणि कंपन्यांनी तिथे पैशांच्या स्पर्धा दिल्या नाहीत. नदी तीच, पोरं तशीच, मोबाईलही तेच. फरक राज्याच्या इच्छेचा होता.

अर्थात नुसती बंदी लिहून भागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तामिळनाडूची २०२१ ची बंदी मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केली. कर्नाटकची २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केली. दोन्हीकडे कारण तेच, कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नव्हे. पण तामिळनाडू गप्प बसले नाही. त्यांनी निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली, २०२२ मध्ये नवा कायदा केला. २०२३ मध्ये न्यायालयाने त्यातून रमी आणि पोकर वगळले, तर त्यांनी २०२५ मध्ये नियम आणले. अठरा वर्षांखालील कोणी नाही. आधारची पडताळणी. रात्री बारा ते पहाटे पाच खेळ बंद. पडद्यावर सतत इशारे. कंपन्या पुन्हा न्यायालयात गेल्या, आणि जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे नियम उचलून धरले. तामिळनाडूने आधार घेतला होता तो सार्वजनिक आरोग्याचा, आणि तोही राज्यसूचीतलाच विषय आहे.

आम्हा परिचारिकांना ही वाट जवळची वाटते. जुगाराच्या दारावर कौशल्याचे कुलूप असेल तर आरोग्याच्या दाराने आत जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचे व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे. हरलेले परत आणायला आणखी लावणे, थोडक्यात हुकले म्हणून झोप उडणे, घरच्यांशी खोटे बोलणे, उसनवारी, चिडचिड. ही लक्षणे आहेत, अवगुण नाहीत. डोळ्यात बोट घालून सांगायचे तर 'टीम दोन गुणांनी हुकली' हे वाक्य दारूच्या शेवटच्या घोटासारखे काम करते. पुढची टीम लावल्याशिवाय चैन पडत नाही.

म्हणून महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करावा, आणि तो मुद्देमाल मोजणारा नसावा. दुसऱ्यांच्या खेळावर पैसे लावून पैसे मिळवायचा व्यवहार, त्यात बुद्धी किती हे न मोजता, बंद. हे न्यायालयात टिकले नाही तर दुसरी फळी तयार हवी: रात्रीची बंदी, महिन्याला किती पैसे भरता येतील याची मर्यादा, जाहिरातीला मनाई, आणि घरातल्या माणसाने अर्ज केला तर ते खाते गोठवण्याची सोय. खेळणाऱ्याला पकडायचे नाही. पकडायचे ते एजंटला. कारण ॲपवरच्या स्पर्धा थांबल्यावर वस्तीत आता 'आयडी' देणारे फिरतात. व्हॉट्सॲपवर पैसे टाका, आयडी घ्या, चेंडू-चेंडूवर लावा. याला ना आधार लागतो ना वयाची अट. पोलीस ठाण्यात जाऊन आयडीवाल्याचे नाव सांगितले तर आधी पोरालाच आत बसवतील, ही भीती आहे. ती भीती जोवर जात नाही तोवर कोणी तोंड उघडणार नाही. राज्याच्या कायद्यात तक्रार करणाऱ्या खेळाडूला स्पष्ट संरक्षण हवे.

बंदीने चोरटा धंदा वाढतो, म्हणून बंदीच नको, असे काही शिकलेले लोक म्हणतात. आयडीवाले वाढले हे आम्हीही पाहतो. पण मोठ्या कंपनीची सवय लागलेली पोरंच आयडीवाल्याकडे गेली, हेही आम्ही पाहिले. आधी सवय कोणी लावली? टीव्हीवर येऊन हसत हसत 'टीम बनवा' म्हणणाऱ्यांनी. आणि सरकारचे हातही धुतलेले नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून या खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. राज्याची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे. महसूल घेताना राज्याला हा विषय आपला वाटतो, दवाखाना उघडताना मात्र दिल्लीचा.

वस्तीतल्या एका तरुणाने आम्हाला बैठकीत सुनावले, "शेअर बाजारात त्यांची पोरं लावतात ते गुंतवणूक, आम्ही ४९ लावले की व्यसन. आम्हाला वर यायचा एक रस्ता होता, तोही तुम्ही बंद करा म्हणता." त्याच्या रागात खरे दुखणे आहे. नोकरभरती नाही, जमीन नाही, कर्ज मागायला बँक दारात उभी करत नाही. पण तो रस्ता वर जात नाही, हे त्याला त्याच्याच मोबाईलमधला वर्षभराचा हिशोब काढून दाखवला. भरले किती, मिळाले किती. बराच वेळ तो पडद्याकडे बघत राहिला. आम्ही त्याला काही बोललो नाही.

बावीस प्रतिज्ञांत दारूचे नाव आहे, जुगाराचे वेगळे नाव नाही, असे कधी कधी पळवाट म्हणून ऐकवले जाते. तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाचे वागणे शिकवले, त्यात जुगाराचे सहा तोटे मोजून सांगितले आहेत. जिंकला तर वैर येते, हरला तर मन जळते, हातचे धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ मानतात, आणि लग्नाला मुलगी देताना लोक मागे हटतात, कारण हा बायकोला कसा पोसणार? आमच्या केसपेपरवर जे आले नाही ते सगळे यात आहे, उचलीपासून बहिणीच्या लग्नापर्यंत.

आता घरात काय करायचे. पोराचा मोबाईल हिसकावू नका, फोडू तर मुळीच नका. त्याच्याबरोबर बसून बँकेचा हिशोब काढा. बचत गटाचे किंवा उचलीचे पैसे त्याच्या खात्यावर ठेवू नका, बाईच्या खात्यावर ठेवा. कर्जवाले धमकीचे फोन करत असतील तर फोन आणि मेसेज जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. पोरगा गप्प झाला, जेवत नाही, 'मी नसलो तर बरं' असे बोलला, तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घराबाहेर, कुलपात. टेलि-मानसचा नंबर १४४१६, फोन फुकट, दिवस-रात्र, मराठीत बोलता येते. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांची तपासणी होते. तिथे जाताना 'टीम लावतो' हे स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा. सिस्टर कंटाळा करील, आम्हीही केला होता. तरी लिहायला लावा.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे: राज्य शासनाने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर स्वतःचा कायदा करावा, आणि व्यसनाच्या फॉर्मवर या खेळाचा रकाना घालावा. मजकूर लिहून तयार आहे. पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर तो वाचला जाईल, ज्यांना आपल्या गावाच्या ग्रामसभेत न्यायचा आहे त्यांनी तिथूनच प्रत न्यावी.